कोंबड्या सापडल्या, आजी सापडेना

आमच्या सूनबाईंचं माहेर आयोवातलं, ग्रंडी काउंटीतलं. चहूकडे मका आणि सोयाबीन, मध्ये चर्च, धान्याचं कोठार आणि दफनभूमी. तिच्या पणजीची आई (पुढे सोयीसाठी नुसती आजी) कोण, कुठली, हा विषय एकदा जेवताना निघाला आणि मी "बघतो की" म्हणून बसलो. बघतो की म्हणायला काय जातं? या शब्दांनी अनेकांचे रविवार खाल्ले आहेत.

आधी जे चटकन सापडतं ते सांगतो. अमेरिकेत १८८० च्या जनगणनेबरोबर शेतीचाही वेगळा तक्ता भरला होता. त्यात शेतकऱ्याची ओळ आडवी वाचत जायची. लागवडीखाली किती एकर, दुभत्या गाई किती, डुकरं किती, १८७९ सालात घरी किती पौंड लोणी काढलं आणि कोंबड्यांनी किती डझन अंडी घातली, सगळं हजर. लोणी कोणी घुसळलं, अंडी कोणी गोळा केली, हे सांगायला नको. पण ओळीवर नाव आजोबांचं. कोंबड्यांचा वर्षभराचा हिशेब सरकारदरबारी जमा आणि आजीचं माहेरचं आडनाव कुठेच नाही, इथून या उद्योगाला सुरुवात होते.

माणसांच्या तक्त्यात आजी असते, नाही असं नाही. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव लिहू लागले. त्याआधी फक्त कर्त्याचं नाव आणि बाकीच्यांची डोकी. घरातल्या कर्त्याशी नातं काय, हे १८८० पासून. म्हणजे 'ॲना, पत्नी, घरकाम' एवढं कळतं. १९०० चा तक्ता त्यातल्या त्यात दिलदार: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. मात्र ॲना कोणाची लेक, हे विचारावंसं त्यालाही वाटलं नाही.

आणि मधलं १८९० गेलं. वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला जानेवारी १९२१ मध्ये आग लागली, काही कागद जळले, काही पाण्याने भिजले, आणि उरलेले पुढे सरकारनेच रीतसर नष्ट केले. वाचली ती जेमतेम सहा हजार नावं. याचा फटका कोणाला, तर मुलींना. जी मुलगी १८८१ मध्ये जन्मली आणि १८९९ मध्ये लग्न करून गेली, ती केंद्राच्या जनगणनेत आईबापांच्या घरी एकदाही दिसत नाही. एकदम १९०० मध्ये सासरी उगवते. नशीब, आयोवा राज्य स्वतःची वेगळी गणती करत असे. १८८५ आणि १८९५ चे तक्ते आधी बघा. १८८५ मध्ये तर शेत कुठल्या सेक्शनमध्ये, म्हणजे जमीनमोजणीच्या कुठल्या चौकोनात, तेही आहे.

नाव शोधताना स्पेलिंगचा हट्ट धरू नये. "एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आमचं आडनाव बदललं" (एलिस आयलंड म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणीचं ठाणं) ही कथा दर तिसऱ्या घरात ऐकायला मिळते. ती खोटी आहे. कारकुनापुढे जहाजावरून आलेली यादी असे, तो तीवरच खुणा करी. आणि एलिस आयलंड उघडलं १८९२ मध्ये. पणजोबा त्याआधीच मका पेरत होते. नाव बदललं ते हळूहळू, शाळामास्तर, शेजारी, बँकवाले आणि स्वतः पणजोबा यांनी मिळून. म्हणून साउंडेक्स नावाची युक्ती निघाली: पहिलं अक्षर आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे. स्मिथ आणि श्मिट दोघेही एस-५३०. मी गंमत म्हणून जोशी करून पाहिलं. जे-२०० आलं. त्याच खणात जॅक.

माणसं बोलेनात तेव्हा जमिनीला विचारायचं. सातबारा वाचता येणाऱ्याला हे अवघड नाही, फक्त वाचायचं शेवटाकडून. 'सेक्शन १४ च्या नैर्ऋत्य चतकोराचा ईशान्य चतकोर' म्हणजे आधी सेक्शन १४ गाठा, ६४० एकर. त्याचा नैर्ऋत्य चतकोर, १६०. त्यातला ईशान्येचा तुकडा, ४०. सहा मैल बाय सहा मैलांच्या मोठ्या चौकोनात, त्याला टाउनशिप म्हणतात, असे ३६ सेक्शन. नंबर ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला सहापर्यंत जातात, खाली उतरून सात ते बारा परत पूर्वेला. नांगराचे बैल बांधाशी वळतात, अगदी तसं. हे माहीत नसलेला माणूस सात नंबर उजवीकडे शोधत बसतो आणि भलत्याच घराण्याचा वंशवृक्ष काढतो.

आता कोर्टहाउसमधली खरी मेख. खरेदीखतांच्या दोन सूच्या असतात: लिहून देणार आणि लिहून घेणार. हौशी माणूस पणजोबांनी जमीन घेतली कधी, ते बघतो. त्यात बायकोचा पत्ता नसतो. तुम्ही 'लिहून देणार' उघडा. जमीन विकताना बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे, म्हणून तिथे तिचं नाव आणि सही. सही येत नसेल तर फुली, आणि फुलीच्या आजूबाजूला 'तिची' 'खूण' असे दोन शब्द. दुसरी बायको केली असेल तर तीही इथेच पकडली जाते. मृत्यूनंतरच्या वारसांच्या फायलीत लग्न झालेल्या लेकींची सासरची नावं आणि गावं मिळतात.

दफनभूमीत जाताना साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश न्या. तारेचा ब्रश, ब्लीच आणि दाढीचा फेस घरी ठेवा. फेसाने अक्षरं उठून दिसतात आणि दगडाचं वाटोळं होतं. त्याऐवजी आरसा धरून ऊन एका बाजूने तिरकं पाडा. संगमरवर पावसाने विरघळत जातो, पण मधेच एखादा निळसर करडा दगड काल कोरल्यासारखा स्वच्छ दिसेल. टिचकी मारा: पोकळ वाजला तर जस्ताचा. झाडाच्या बुंध्याच्या आकाराचा दिसला तर मयताचा वुडमेन नावाच्या, सभासदांचा विमा उतरवणाऱ्या मंडळींकडे विमा असण्याचा दाट संभव. 'वय ७१ वर्षं ४ महिने १२ दिवस' असं कोरलेलं असेल तर वजाबाकी करून जन्मतारीख काढा, दोनेक दिवस इकडे-तिकडे. आजीच्या दगडावर काय, तर 'अमक्याची पत्नी'. दगडातसुद्धा!

शेवटी उरतं चर्चचं पुस्तक. या भागात वसले ते बरेचसे ऑस्टफ्रीजलँडचे, जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यावरचे. नोंदी जर्मनमध्ये, जुन्या वळणाच्या लिपीत. मोडी पाहून ज्यांना घाम फुटतो त्यांनी टॉवेल न्यावा. १९१८ च्या मे महिन्यात आयोवाच्या गव्हर्नरने चर्चमध्ये, शाळेत, फोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय बोलायचं नाही असा फतवा काढला. म्हणून त्याआधीची पुस्तकं बघायची. बाप्तिस्म्याच्या ओळीत आईच्या नावापुढे तीन रोमन अक्षरं आणि टिंब असतं: 'गेब.' म्हणजे गेबोरेने, जन्माने अमुक. थोडक्यात, माहेरची.

तर तिथे आहे ती. ॲना, गेब. यान्सेन.

ऑस्टफ्रीजलँडमध्ये पूर्वी बापाचं नाव हेच पोराचं आडनाव होई, यानचा तो यान्सेन. १८११ मध्ये नेपोलियनच्या राजवटीने कायमची आडनावं लावायचा हुकूम काढला, तो लोकांनी सवडीने पाळला. शिवाय पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, आपल्यासारखंच. म्हणजे चार भावांच्या घरी चार यान. सांगली जिल्ह्यात 'पाटलांची एक मुलगी होती' एवढ्यावर चौकशीला निघालो असतो तरी बरं झालं असतं.