न्यूरो, कार्डिओ, कम्युनिटीला स्कोप नाही? कोणी सांगितलं?

इंटर्नशिप संपत आली की बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, "एमपीटीएच करायचं तर मस्क्युलोस्केलेटल नाहीतर स्पोर्ट्स घ्या, बाकीच्यांना स्कोप नाही, न्यूरो मुलींना झेपत नाही आणि परदेशात कार्डिओला कोणी विचारत नाही." एमपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीतली मास्टर्स, तिच्यात एक विषय निवडायचा असतो: मस्क्युलोस्केलेटल (हाडं, सांधे, स्नायू), स्पोर्ट्स, न्यूरो (मेंदू, नसा), कार्डिओ (हृदय, फुप्फुसं), कम्युनिटी वगैरे. मेसेजमधलं मला काहीच पटत नाही.

आधी स्पोर्ट्स. विषय सुंदरच आहे, पण आयपीएलमध्ये टीम आहेत १० आणि प्रत्येकीला फिजिओ लागतात मोजकेच, त्यामुळे स्पोर्ट्स केलेली बरीच मुलं शेवटी क्लिनिकमध्ये गुडघे आणि कंबरच बघतात. त्यात वाईट काही नाही, फक्त हे आधी माहीत असावं.

कार्डिओला स्कोप नाही हे २०२०-२१ नंतरही कोणी म्हणतं याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. कोविडच्या आयसीयूत पेशंटला पालथं झोपवायला, कफ मोकळा करायला, व्हेंटिलेटर सुटल्यावर पुन्हा पायावर उभं करायला कोण होतं? बायपासनंतर नळ्या सांभाळत पेशंटला खुर्चीत बसवणं, चालवणं हेही आपलंच काम.

न्यूरो मुलींना झेपत नाही म्हणे! अहो, पेशंटला बेडवरून व्हीलचेअरवर घेणं हे ताकदीपेक्षा टेक्निकचं काम आहे, बेडची उंची, आपल्या पायांची पोझिशन, पेशंटचं वजन पुढे आणणं, हे जमलं की बारीक अंगाची मुलगीही करते आणि जमलं नाही तर जिम करणाऱ्या मुलाचीही कंबर जाते. आणि स्ट्रोकचा पेशंट महिनोन्‌महिने येतो, त्यामुळे होम व्हिजिटचं काम छोट्या गावातही असतं.

कम्युनिटीवाले म्हातारपण, बाळंतपणानंतरचे त्रास, कामगारांची पाठ-मान बघतात. ही माणसं कमी आहेत का? जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये (मुलांमधले आजार, वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) लहान मुलांसाठी आणि वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या एनपीएचसीई या सरकारी प्रोग्रॅममध्येही फिजिओच्या पोस्ट असतात, नोकरी पुष्कळदा कंत्राटी आणि पगार कमी, ते खरंच आहे, त्यावर भांडायला हवं.

परदेशाचं म्हणाल तर ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नवीन फिजिओला बहुतेक वेळा रोटेशनच असतं, आळीपाळीने मस्क्युलोस्केलेटल, न्यूरो, रेस्पिरेटरी (म्हणजे आपल्या कार्डिओतलंच श्वसनाचं काम) सगळं.

आणि मेसेजमध्ये कॉलेजबद्दल एक अक्षर नाही! सीट घ्यायच्या आधी तिथल्या सिनियरना गाठा, त्या विषयाचे पेशंट रोज किती येतात, आयसीयूत हात लावू देतात का, डिझर्टेशनला (प्रबंधाला) गाइड वेळ देतात का, हे विचारा आणि मगच फॉर्ममध्ये प्रेफरन्स टाका.