जुलैमधल्या त्या शनिवारच्या जेवणाबद्दल, अलिबागजवळच्या आवास गावी उतरलेल्या पाहुण्यांना

नमस्कार दादा,

आमच्या खानावळीबद्दल तुम्ही नेटवर लिहिलंत, ते मुलाने रविवारी रात्री वाचून दाखवलं. मी आणि माझी जाऊ दोघी मिळून ही खानावळ चालवतो. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. चार दिवस विचार केला आणि आता लिहिते आहे.

तुम्ही एक तारा दिलात आणि पाच तक्रारी मांडल्यात. जेवण यायला पाऊण तासाच्या वर लागला. आमच्या डोळ्यांदेखत बंगल्याचे डबे आधी गेले. समुद्राच्या गावात सुरमई मिळाली नाही. चिंबोरी, म्हणजे खाडीचा खेकडा, पोकळ निघाली आणि तिच्या ताटाला 550 रुपये लावले. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘बिल बघून वाटलं, आम्हाला काय अलिबागहून आलेले समजता का? जमिनी विकून पैसे आले, आता गावातल्या लोकांना कामाची सवय राहिली नाही.’

आधी आमची चूक. आवासच्याच एका बंगल्याने शुक्रवारी रात्री बावीस ताटांचं जेवण सांगितलं होतं. आम्ही हो म्हटलं. आमच्याकडे भाकऱ्या थापायला दोन बायका येतात, त्यातली एक त्या दिवशी भाताच्या लावणीला गेली होती. लावणी थांबवता येत नाही, पाऊस असेल तेव्हाच ती करावी लागते. हे मला शुक्रवारीच ठाऊक होतं. म्हणजे बावीस ताटं घ्यायचीच नव्हती, किंवा तुम्ही दारात आलात तेव्हा ‘तासभर लागेल, चालेल का’ असं विचारायला हवं होतं. दोन्ही केलं नाही. लहान मुलीला भूक लागली होती, तिने दोनदा पाणी मागितलं, ते मी पाहिलं आणि तरी तव्यावरून उठले नाही. याची मला लाज वाटते. तुमची मनापासून माफी मागते. तेव्हापासून शनिवारी-रविवारी अकराच्या पुढे बंगल्यांचे डबे देणं बंद केलं आहे. ज्यांना डबे हवेत त्यांनी अकरापर्यंत न्यायचे.

चिंबोरीचंही तुमचंच खरं. गुरुपौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की अमावास्येच्या सुमाराची चिंबोरी भरलेली असते आणि पौर्णिमेच्या आसपासची हलकी. खाडीवरून जे आलं ते घेतलं, कारण जुलैत दुसरं ताजं फार थोडं मिळतं. पण ‘आज चिंबोरी हलकी आहे, सोड्याचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण घ्या’ हे सांगणं माझं काम होतं. हलक्या चिंबोरीला भरलेल्या चिंबोरीचा भाव लावला, हे बरोबर झालं नाही.

सुरमईबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. 1 जून ते 31 जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ, त्यात समुद्र खवळलेला. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या तुम्ही वरसोलीला किंवा थळला पाहिल्या असतील. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी पुन्हा दर्यात उतरतात. त्याआधी कोणी सुरमई वाढली तर ती बर्फातली असते, नाहीतर लांबून आलेली. पावसाळ्यात आमच्या घरात जे शिजतं तेच आम्ही ताटात देतो. सोडे, सुकट, सुके बोंबील, वालाचं बिरडं, आणि मिळाली तर खाडीची चिंबोरी किंवा जिताडा. तुमच्या पत्नीने बिरडं दोनदा मागून घेतलं होतं, ते मला आठवतं.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ‘अलिबागहून आलाय का’ हे ऐकत आम्ही मोठे झालो. मुंबईत नोकरीला गेलेल्या माझ्या भावाला पहिल्याच आठवड्यात हे ऐकावं लागलं. 2019 साली आमच्याच तालुक्यातले एक गृहस्थ हे बोलणं थांबावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. कायद्याने ते थांबणार नसेल, पण तुम्ही आमच्या ओट्यावर बसून आमचं मीठ खाल्लंत, म्हणून तुम्हाला सांगते की ते लागतं. ज्या गावाला तुम्ही हसता त्याच्या समोर कुलाबा किल्ला उभा आहे आणि कान्होजी आंग्र्यांची समाधी गावात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या वेधशाळेतलं पृथ्वीच्या चुंबकत्वाचं मोजमाप बिघडेल असं दिसलं, तेव्हा ते काम 1904 साली अलिबागला आणलं. माझ्या मुलाची शाळेची सहल अलिबागच्या त्या वेधशाळेत गेली होती, घरी येऊन तो आठवडाभर तेच सांगत होता.

आणि जमिनी. माझं माहेर खारेपाटातलं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातलं. 1933 ते 1939 चरी गावचा शेतकऱ्यांचा संप झाला तेव्हा माझे आजोबा त्यात होते. खोताला, म्हणजे जमीनदाराला, पीक द्यायचं नाही म्हणून शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली आणि सहा वर्षं शेत कसलं नाही. आजी सांगायची, त्या वर्षांत घर चाललं ते डोंगरातल्या लाकडांच्या मोळ्यांवर आणि खाडीतल्या चिंबोऱ्यांवर आणि निवट्या माशांवर. तुमच्या ताटात आली तीच चिंबोरी. चिखलात मांडीपर्यंत उतरून, ओहोटी बघून ती धरावी लागते, आणि नांगी बसली तर बोट फुटतं. म्हणून ती स्वस्त नसते. कूळकायदा आला तेव्हा जमीन नावावर लागली आणि त्या दिवशी आजोबांनी सातबारा देवापुढे ठेवला होता. अशा घरातली माणसं जमीन सहज विकत नाहीत, दादा.

सासरी मात्र विकली गेली, ते लपवत नाही. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. सासऱ्यांच्या वाटणीचा तुकडा मोठ्या नणंदेच्या लग्नासाठी गेला. त्या वेळी या बाजूला कोणी फिरकत नव्हतं. दलाल घरी चहा प्यायला यायचा आणि समुद्राकाठच्या वरकस जागेला भाव काय येणार, असं म्हणायचा. तो तुकडा पुढे तीनदा विकला गेला. आज त्यावर बंगला आहे आणि माझे यजमान त्याच बंगल्यात माळीकाम करतात. सासऱ्यांनी लावलेला एक फणस अजून तिथे आहे, त्याला तेच पाणी घालतात. ज्यांनी आधी विकली त्यांना सगळ्यात कमी मिळालं. पैसा आला तो मधल्या लोकांकडे.

तुम्ही लिहिलंत की मोठी माणसं इथे राहायला आली म्हणून गाव श्रीमंत झालं. कधी मंगळवारी संध्याकाळी या. आमच्या रस्त्याला ओळीने बंगले आहेत, एकातही दिवा नसतो. शुक्रवारी रात्री गाड्या येतात, रविवारी संध्याकाळी मांडव्याच्या जेट्टीला रांग लागते आणि सोमवारी पुन्हा सामसूम. आठवडाभर तिथे राहतात ते माळी, राखणदार, भांडी घासणाऱ्या बायका. आमच्या घरापासून किनाऱ्याला जायची पाखाडी वाड्यांमधून सरळ जायची. आता दोन्ही बाजूंनी उंच भिंती आल्या आणि म्हातारी माणसं वळसा घालून जातात. एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, म्हणून स्वयंपाकाला जार विकत घ्यावे लागतात. पावसाळ्यात मात्र विहीर गोडी असते आणि तिचं पाणी आम्ही फुकट देतो. तुम्ही बाटल्या मागितल्यात, त्यांचेच 40 रुपये लावले.

बंगलेवाल्यांना मी वाईट म्हणत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घराची कौलं उडाली आणि नारळी-पोफळीची वाडी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी झाली. आमच्या आळीत वीज यायला महिना गेला. तेव्हा याच रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या मालकीणबाईंनी मुंबईहून पत्रे आणि ताडपत्री पाठवली, आणि त्यांच्या विहिरीवरचा पंप जनरेटरवर चालवून सगळ्या आळीला पाणी दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण वाडी गेली ती गेली. नारळ, पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? म्हणून ओट्यावर चार टेबलं टाकून ही खानावळ सुरू केली. जाऊबाईंनी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवून भांडी आणली. अजून आम्ही पहाटे चारला उठतो. ‘कामाची सवय राहिली नाही’ हे वाचून जाऊबाई काही बोलल्या नाहीत, उठून तांदूळ निवडायला बसल्या.

म्हणून एवढंच मागते. उशिराबद्दल, पोकळ चिंबोरीबद्दल, माझ्या न बोलण्याबद्दल हवं तेवढं कडक लिहा, तारा एकच ठेवा. फक्त ते शेवटचं वाक्य काढता आलं तर काढा. आमच्याकडे येणाऱ्या दोन्ही बायकांची मुलं हे फोनवर वाचतात.

तुमचा हिशेब वहीत आहे. चिंबोरीची दोन ताटं 1,100, सोड्याचं एक 400, बिरड्याचं एक 250, बाटल्या 40, मिळून 1,790. त्यातले चिंबोरीचे 1,100 परत करायचे आहेत. तुम्ही रोख दिले होते, म्हणून नंबर माझ्याकडे नाही. ज्या मित्राच्या बंगल्यावर उतरला होतात तिथल्या माळीदादांना आम्ही ओळखतो, त्यांच्याकडे पाकीट दिलं आहे. मुलीची हिरवी छत्री ओट्यावर राहिली होती, तीही पाकिटाबरोबर दिली आहे.

आपली,
खानावळीची मालकीण, किहीम–सासवणे रस्ता