हिरोच्या कानामागची पांढरी पट्टी

काल रविवार. सलूनमध्ये पाऊण तास नंबर लावून बसलो, मग एकदाची कटिंग झाली. दादाने मागून आरसा धरला. उन्हाने रापलेली मान आणि मशीन फिरलं तिथे कानामागे उघडी पडलेली बोटभर पांढरी पट्टी. कोपऱ्यात टीव्हीवर सिनेमा चालू होता. म्हटलं, ही पट्टी हिरोच्या मानेवर आपण कधी पाहिलीय का?

कारकून असो की इन्स्पेक्टर, पडद्यावर सगळ्यांचे केस दोन आठवड्यांपूर्वी कापलेले!

कारण तसं साधं आहे. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. हिरो दाराची कडी काढतो तो शॉट पहिल्याच दिवशी स्टुडिओत, आणि त्याच दारातून बाहेर येतो तो महिन्याने, वाईला. केस महिन्याला सेंटीमीटरभर तरी वाढतात. म्हणजे उंबरठा ओलांडेपर्यंत कल्ले खाली उतरणार. म्हणून आधीच कापून केस बसू देतात आणि मग कंटिन्युइटीचे, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये केस कसे होते ते दाखवणारे, फोटो समोर ठेवून हेअरवाला दर थोड्या दिवसांनी नुसती टोकं छाटत राहतो. ताजी कटिंग चार दिवसांत शिळी होते. बसलेली मात्र छाटून छाटून दोन महिने तशीच ठेवता येते.

केस जुळणार नाहीत ही भीती खोटी नाही. 'जस्टिस लीग'चं काही शूटिंग पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा त्यात सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या सिनेमासाठी मिशी राखली होती. ती काढता येईना. मग कॉम्प्युटरवर पुसली, आणि २०१७ साली सुपरमॅनच्या वरच्या ओठावर जग हसलं.

सगळं मान्य. पण आपल्याकडे केस म्हणजे कॅलेंडर हो! कुठलाही लग्नाचा अल्बम काढा. नवरदेवासकट सगळे भाऊ आदल्या दिवशी एकाच खुर्चीतून उठून आलेले, ओळीने कान उघडे. शाळेत नवी कटिंग दिसली की मागून टपली ठरलेली. घरी आई दारातच अडवायची, "कशाला शिवू नकोस, आधी डोक्यावरून पाणी घे." सिनेमात लग्न होतं, इंटरव्ह्यू होतो, पण त्यासाठी कुणी न्हाव्याकडे जाऊन आलेलं दिसत नाही. मला तिथेच ते घर खोटं वाटायला लागतं.

'कास्ट अवे'साठी टॉम हँक्सचे केस-दाढी वाढावी, वजन उतरावं म्हणून शूटिंग वर्षभर थांबवलं होतं. आपल्याला तेवढं कुठे परवडतंय! माझं म्हणणं एवढंच, लग्नाचा सीन शेवटच्या दिवशी लावा आणि सकाळी सेटवर न्हावी बोलवा.

हे मी असिस्टंट डायरेक्टर असलेल्या एका मित्राला ऐकवलं. त्याने शांतपणे चहा संपवला.

"आणि महिन्याने त्याच सीनचे राहिलेले शॉट घ्यायचं पॅचवर्क निघालं तर?"