यशवंतीला लाल रंग

"बाई, ती नागीण तोफ आता कुठं ठेवलीय?"

चार वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात हा प्रश्न आला. 2020 साली आलेल्या 'तान्हाजी' या हिंदी सिनेमातली ती अवाढव्य तोफ एका मुलाने टीव्हीवर पाहिली होती. सिंहगड आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून दिसतो, त्यामुळे रविवारी मामासोबत जाऊन तोफ बघून यायचा त्याचा बेत होता. मी म्हटलं, अरे, ती सिनेमावाल्यांची तोफ. झालं! मग घोरपड? मग शेलारमामा? मग रायबाचं लग्न? पाच मिनिटांत वर्गाने मला घेरलं, आणि खरं सांगते, निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. इतकी वर्षं मीही यशवंती घोरपडीला दोर बांधूनच तानाजीला कड्यावर चढवत आले होते.

त्या आठवड्यात दोन गोष्टी वर्गात नेल्या. एक, हरि नारायण आपट्यांची 1903 सालची 'गड आला पण सिंह गेला'. दुसरी, कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीतला कोंढाण्याचा, म्हणजे सिंहगडाच्या लढाईचा मजकूर, दीडेक पानाचा, झेरॉक्स काढून. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय आणि ते शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी चहाच्या वेळी मांडते (मुख्य सत्रात कोणी विचारत नाही): सहावी-सातवीच्या मुलांना ऐतिहासिक कादंबरी वर्गातच वाचायला द्यावी, आणि त्याच आठवड्यात त्याच प्रसंगाचं जुनं साधनही द्यावं. दोन्ही एका बाकावर, शेजारी शेजारी.

सातवीच्या पुस्तकात 'इतिहासाची साधने' असा धडा आहे. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं तो घडाघडा पाठ करतात. पण साधन म्हणजे काय हे त्यांना कळतं ते बखरीचा कागद हातात आल्यावर, आणि तोही गोष्ट आधी माहीत असेल तरच. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून बखर आधी दिली होती. वर्ग पेंगला. कादंबरीतला कडा चढण्याचा प्रसंग आधी मोठ्याने वाचला की मुलं बखरीवर पोलिसांसारखी तुटून पडतात. जुनी मराठी त्यांना कोड्यासारखी वाटते. अडत अडत वाचतात, पण वाचतात. आपट्यांची भाषाही आजच्या मुलांना जडच जाते, म्हणून अख्खी कादंबरी नाही, निवडक प्रकरणं.

मग पेनांचा खेळ. कादंबरीतलं जे बखरीत सापडेल त्याखाली निळी रेघ, सापडणार नाही त्याखाली लाल. सूर्याजी मालुसरे निळा. मुघलांचा किल्लेदार उदेभान निळा. पागेचे खण पेटवले आणि तो उजेड राजांनी राजगडावरून पाहिला, हे निळं. यशवंती लाल. रायबाचं लग्न लाल. शेलारमामाही लाल, तेव्हा वर्गात हळहळ झाली. हे सगळे आले कुठून, तर बरेचसे तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. म्हणजे मौखिक साधन! ज्या शब्दाची व्याख्या पाठ केली होती तो शब्द अचानक कामाला आला. पोवाड्यासाठी तिसरा रंग हवा असं मुलांनीच ठरवलं. हिरवा.

एक गंमत अशी की सर्वांत थरारक ओळ निळी निघाली. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेला मिळत नाही, आणि सभासद लिहितो की त्याने 'आपले डावे हाताची ढाल' केली. पुढे तानाजी आणि उदेभान दोघंही ठार. बस्स, एवढंच. ना पार्श्वसंगीत, ना विशेषणं. मी वाचून थांबले आणि मागच्या बाकापर्यंत कोणी हललं नाही. 'कोरडी साधनं मुलांना कंटाळवाणी वाटतात' असं म्हणणाऱ्यांनी ती शांतता ऐकायला यावं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, याच लढाईची जेमतेम एक नोंद आहे, ती मात्र खरंच कोरडी. तीही दाखवते. एका माणसाच्या मरणाला कुणी किती शाई खर्च केली, हे मुलं बरोबर मोजतात.

बखरीत मावळे कडा कसे चढले? वानरं चढतात तसे. हे वाचल्यावर एकाने हात वर केला: "बाई, ऐकणाऱ्याने वानराची घोरपड केली असंल." मी म्हटलं, असेल, पण सिद्ध कसं करशील? तो म्हणाला, नाही करता येणार. सातवीतल्या मुलाने 'नाही करता येणार' हे इतक्या सहज म्हणावं, यासाठी तर आम्ही इतिहास शिकवतो ना? का फक्त 4 फेब्रुवारी 1670 ही तारीख लक्षात राहावी म्हणून?

आता नावाची गोष्ट. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपल्या हाडीमासी भिनलंय. पण शिवाजी महाराजांच्या 1663 सालच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आलेलं आहे. लढाईच्या सात वर्षं आधी. आणि सभासदाने महाराजांच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला'. त्यात सिंह नाहीच. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गाचे दोन तट पडले. एक म्हणे, म्हणजे आपल्याला फसवलं. दुसरा म्हणे, नाही, कादंबरीचं वाक्यच जास्त भारी आहे. दोघांचंही बरोबर होतं.

पण एक मुलगा घरी जाऊन 'तानाजीबिनाजी सगळं खोटं आहे' असं सांगत सुटला. चूक माझी होती. लाल म्हणजे खोटं, एवढंच त्याने घेतलं. लाल म्हणजे 'या कागदात नाही' हे समजावायला मला आणखी दोन तास लागले, आणि ते चित्रकलेचे घेतले. (चित्रकलेचेही तास मीच घेते, म्हणून भांडण झालं नाही.)

मग त्या मुलाचे आजोबा शाळेत आले, तावातावाने. "यशवंती खोटी म्हणता? आमच्या आज्याने पोवाडा गायलाय." मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, मुलांना म्हणून दाखवा. त्यांनी डोळे मिटून आठवेल तेवढा म्हटला. मधे ओळी विसरल्या, तिथे नुसतं जी जी जी. मुलांनी हिरव्या पेनाने टिपून घेतलं. शेवटी मी बखरीचा कागद पुढे केला तर म्हणाले, "आणि तुमचा सभासद कुठं चढला होता कडा?" त्यांना वाटलं मी निरुत्तर झाले. झालेच होते, पण आनंदाने. सभासदाने बखर लिहिली 1697 च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. लढाईनंतर सत्तावीस वर्षांनी. राजगडावर महाराज काय बोलले हे त्याला कुणी सांगितलं? पुढच्या तासाला मुलांनी काही निळ्या रेघांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली.

त्या वर्षीची सहल अर्थातच सिंहगड. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, सगळं यथासांग. तानाजी कड्यावरून खाली डोकावल्यावर 'घोरपड लाल' म्हणणारे दोघे-तिघे एकदम गप्प झाले. मग सगळ्यांना राजगड शोधायचा होता, कारण उजेड तिथून दिसला असेल का हा प्रश्न बाकी होता. हवा स्वच्छ होती. राजगड दिसला, शेजारी तोरणाही. निळ्या रेघेला दगडांचा पुरावा मिळाल्यावर जो आरडाओरडा झाला त्याने आसपासचे पर्यटक दचकले.

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो एका मुलीचा प्रश्न. कादंबरीत कमलकुमारी आहे, उदेभानाच्या तावडीत सापडलेली रजपूत स्त्री. ही सगळी प्रकरणं लाल. मुलीने पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "बाई, कादंबरीतल्या बायका लाल आहेत. मग खऱ्या बायका कुठं होत्या?" बखरीच्या त्या मजकुरात एकही बाई नाही. पण गडावर बायका असतीलच की. दळण कोण दळत होतं? पाणी कोण भरत होतं? बखरीकडे याचं उत्तर नाही. इथे कल्पना हवीच, पण कमलकुमारीचीच का? आपट्यांना त्यांच्या काळात तशी नायिका सुचली, ही मुलगी वेगळी बाई लिहील. तिने लिहिली. माघातल्या त्या रात्री टाक्यावरून घागर भरून परतणारी, पागा पेटलेली पाहून घागर तिथेच टाकणारी. दीड पान. माघ, टाकं आणि पागा यांच्याखाली निळी रेघ, बाकी सगळं लाल, आणि समासात: "घागर माझी."

अभ्यासक्रम पुरा कसा होतो, असं सहकारी विचारतात. नाही होत. दरवर्षी दोन धडे शेवटी धावत उरकते. कोणता धडा धावत घ्यायचा आणि कोणाच्या शेजारी तासभर बसायचं, हे ठरवण्याचा एवढा एकच अधिकार शिक्षकाकडे उरलाय, तो मी वापरते. आणि कुणाच्या भावना दुखावतील या भीतीबद्दल म्हणाल, तर माझ्या अनुभवात मुलांच्या भावना दुखावत नाहीत. त्यांचा तानाजी लहान होत नाही. घोरपडीशिवाय कडा चढलेला माणूस त्यांना उलट जास्त मोठा वाटतो.

यंदा बाजीप्रभू आणि पन्हाळ्याहून सुटका घ्यायचा विचार आहे. कादंबऱ्यांमधली प्रकरणं मिळाली आहेत. त्या प्रसंगाच्या जुन्या मजकुराची मुलांना वाचता येईल अशी स्वच्छ छापील प्रत कुणाकडे असेल तर फोटो पाठवा. लाल पेनं मी घेऊन ठेवली आहेत, दोन डझन.