९९७चा तंबू

माझा यूएसबी ऑडिओ ॲनालायझर म्हणजे कॉम्प्युटरला जोडून आवाज मोजायचं यंत्र. त्याच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज ते दाखवणाऱ्या आलेखात, सगळं आलबेल असतं तेव्हा एक सुळका दिसतो. ९९७ हर्ट्झचा सूर यंत्राच्या आउटपुटमधून निघतो आणि वीतभर केबलमधून त्याच्याच इनपुटमध्ये शिरतो. पडद्यावर तेवढ्या जागी सुळका, बाकी सपाट मैदान. आणि मग, त्याच्या मनात येईल तेव्हा, सुळक्याचा तंबू होतो. मैदान दोन्ही अंगांनी वर उचललं जातं, सेकंदभर तसंच राहतं आणि काही झालंच नाही असा चेहरा करून खाली बसतं.

"ऐकू येतं का काही?" बायकोने विचारलं.

"बारीकशी टिक. बहुतेक."

"मग बघत कशाला बसलायस?"

ती शेजारी उभी राहून दहा मिनिटं बघत होती, तोवर तंबू आला नाही. ती वळली, दाराशी पोचली, आणि आला. "आला, आला!" म्हणून मी ओरडलो. ती परत येईपर्यंत गेला. तेव्हापासून घरात माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं जातं.

एका टिकेचा एवढा तंबू का, हे मला पाठ होतं. यंत्र आवाजाच्या सेकंदाला ४८ हजार नोंदी घेतं, त्या सॅम्पल; त्यांतून फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणारं गणित ती एफएफटी. ६५,५३६ सॅम्पलची एफएफटी म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे १.३७ सेकंदांचा आवाज एका चित्रात. त्यात कुठेही सांधा तुटला की त्या तुटक्या टोकातून सगळ्याच फ्रिक्वेन्सी सांडतात. फ्रेंच गणिती फूरिएने हे गणित १८२२च्या ग्रंथात उष्णता कशी पसरते हे सांगण्यासाठी मांडलं होतं. माझ्या डोक्यात ती नेमकी तशीच पसरत होती.

मग नेहमीचे उपास-तापास. केबल बदलली, बदललेली केबल पुन्हा बदलली. हब काढला. पोर्ट बदलला. ड्रायव्हर काढून परत टाकला. यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद केली. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं. (हे उगाचच. अर्थिंगची भानगड असती तर ५० हर्ट्झला कायमचा खुंटा दिसला असता, तंबू नव्हे. पण हाताला काम हवं होतं.) शेवटी केबलवर विजेचा गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी चढवला, आकडा लक्षात राहावा म्हणून सूर १००० हर्ट्झ केला आणि बसलो.

एक तास. दोन तास. मैदान कसं, इस्त्री केल्यासारखं! मी त्या मण्याचं इतकं कौतुक केलं की बायको म्हणाली, "आता गळ्यातच घाल."

दुसऱ्या दिवशी परत ९९७ लावला. तंबू.

१०००, नाही. ४४०, तंबू. ५०००, नाही. १२३४, तंबू. गोल आकडे शुभ आणि बाकीचे अशुभ! विज्ञान शिकलेला माणूस अंकशास्त्राच्या उंबरठ्यावर कसा पोचतो ते मी स्वतःवरून सांगू शकतो.

मण्यातली हवा रात्री अंथरुणात गेली. यंत्र फुल-स्पीड यूएसबीवर चालतं, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला एक पॅकेट, सॅम्पलचा एक गठ्ठा. ४८ किलोहर्ट्झला त्यात ४८ सॅम्पल. पेनड्राइव्हवर फाइल चढवताना पॅकेट बिघडलं तर यूएसबी ते पुन्हा पाठवते. आवाजाच्या पॅकेटला ही सवलत नाही, गाडी चुकली ती चुकली. आणि १००० हर्ट्झची एक लाट किती सॅम्पलची? बरोबर ४८! म्हणजे चोर अख्खी लाट उचलून नेत होता आणि उरलेली टोकं जोडली की सांधा कुठे दिसतच नव्हता. ५०००मध्ये पाच लाटा जात होत्या, तरी तेच. चोरी रोजच होत होती, फक्त पंचनाम्यात येत नव्हती. मापनवाले १००० सोडून ९९७ का घेतात, हे मी कधीतरी वाचलंही होतं: ती मूळ संख्या, सॅम्पलिंगच्या दराशी तिचं साटंलोटं जमत नाही. वाचलं होतं, एवढंच.

आता चोर. माझ्या वहीत पहिल्या दिवशी चार तंबू होते, दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी सव्वीस. आजार बळावतोय असं वाटत होतं. वेळा नीट पाहिल्या तर बहुतेक तंबू आधीच्या तंबूनंतर अर्ध्या मिनिटाच्या आत. आणि प्रत्येक तंबूनंतर मी काय करत होतो? पुरावा म्हणून स्क्रीनशॉट. तो ज्या फोल्डरमध्ये पडत होता, त्याचा बॅकअप लगोलग वायफायवरून वर जात होता. वायफायचा ड्रायव्हर काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसायचा, तेवढ्यात दोन-चार पॅकेटं गळायची. नवा तंबू. त्याचा नवा पुरावा.

बॅकअप थांबवला. ९९७ लावून चार तास बसलो, एकही तंबू नाही. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान. सरळ रेघ आहे."

तिला या रेघेची किंमत काय कळणार! मी बॅकअप पुन्हा सुरू केला आणि आठवण म्हणून त्या निर्मळ मैदानाचा एक स्क्रीनशॉट घेतला.

"आता हे काय उठलं?" ती म्हणाली.