मेडल आहे म्हणून लगेच प्रोमध्ये जायचं का?

"सर, प्रो फाईट भेटली. चार राउंडची. जाऊ का?"

प्रो म्हणजे पैशासाठी लढायचं बॉक्सिंग. मागच्या आठवड्यात हा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. पोरगा आमच्याच गावचा, बुलढाणा जिल्ह्यातला. राज्य स्पर्धेची दोन मेडल, एकदा नॅशनल खेळून आलेला. आई वेचणीला जाते, बाप दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. सहावीपासून माझ्याकडे बॉक्सिंग शिकतोय, म्हणून त्याला मी फोनवर हो-नाही काहीच म्हणालो नाही.

त्याचं म्हणणं, "लोमाचेन्को बी तर मेडल घेऊनच गेला ना सर." लोमाचेन्को म्हणजे युक्रेनचा बॉक्सर. गेला तो. पण कसा गेला ते बघा. 2008 आणि 2012 ची ऑलिम्पिक सुवर्णं, अमॅच्युअरमध्ये, म्हणजे मेडलसाठीच्या हौशी बॉक्सिंगमध्ये, 396 विजय आणि एकच हार. तरी मार्च 2014 मध्ये, दुसऱ्याच प्रो लढतीत, मेक्सिकोच्या ओर्लांदो सालिदोकडून हरला. सालिदोच्या नावावर तेव्हा बारा पराभव होते. वजनातही तो बसला नव्हता, जास्तीच्या वजनानेच रिंगणात आला. बरगड्यांवर मारत राहिला, कमरेखाली मारत राहिला, अंगावर रेलत राहिला, आणि रेफ्रीने फारसं अडवलं नाही. बाराव्या राउंडला लोमाचेन्कोने त्याला पार हलवून टाकलं, पण तोवर उशीर झाला होता. पुढच्याच लढतीत त्याने गॅरी रसेलला हरवून किताब घेतला, ते त्याचं मोठेपण. आपल्या पोरांना एवढ्या लवकर दुसरी संधी कोण देणार?

अमॅच्युअर म्हणजे तीन राउंड, नऊ मिनिटं. पटापट पॉइंट घ्या आणि सुटा. प्रोचा किताब म्हणजे बारा राउंड, छत्तीस मिनिटं. तिथे पहिले तीन राउंड हरूनही माणूस जिंकतो, कारण तो तुमच्या पोटावर मारून सातव्या राउंडची तयारी करत असतो.

उलटंही खरं आहे. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रो बॉक्सरांना पहिल्यांदा परवानगी मिळाली. तिघे उतरले, एकालाही मेडल मिळालं नाही. यात कोणी लहान-मोठं नाही, धंदाच वेगळा आहे.

आपला विजेंदर बीजिंगचं कांस्य घेऊन 2015 ला प्रो झाला, वय 29. सलग बारा लढती जिंकला, मग मार्च 2021 मध्ये गोव्यात हरला. पण त्याच्यामागे नाव होतं, प्रमोटर होता, मँचेस्टरला राहून सरावाची सोय होती. सिडनी ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकणाऱ्या ब्रिटनच्या ऑडली हॅरिसनकडेही हे सगळं होतं, तरी जागतिक किताब हाती लागला नाही.

माझा आधीचा एक पोरगा असाच गेला होता. आयोजकाने जाण्या-येण्याचा खर्च देतो म्हटलं, दिला नाही. वजनाच्या दिवशी समोरचा बदलला, नवा आला तो सहा किलो जड. दुसऱ्या राउंडला फाईट थांबली. अमॅच्युअरमध्ये हरलं तर पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही. प्रोचा पराभव मात्र नावापुढे कायम राहतो. पोलीस भरतीचा सराव सोडून तो गेला होता. त्याला जाऊ दिलं याचा राग मला आजही येतो.

म्हणून या पोराला म्हटलं, आधी मैदानावर ये. कडुनिंबाला आमचा बोरा टांगलेला आहे, चिंध्या आणि वाळू भरलेला. सहा राउंड मार म्हटलं, तीन-तीन मिनिटांचे. तीन राउंड बघण्यासारखे होते. चौथ्याला उजवा हात हनुवटीवरून खाली आला. पाचव्याला तो ठोसा मारत नव्हता, बोऱ्याला धरून उभा होता. बँडेज सोडताना मला म्हणाला, "सर, श्वासच नाही पुरला."

माझं मत स्पष्ट आहे. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आधी ती नोकरी मिळव. घरात पगार येऊ दे. वर्षभर सहा आणि आठ राउंडचं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, कर, पोटावर मार खायला आणि जवळून लढायला शीक. मग प्रोमध्ये जा, मी स्वतः कोपऱ्यात उभा राहीन. प्रोला माझा विरोध नाही. नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये युवा जागतिक सुवर्ण आणलं, म्हणजे विदर्भाच्या मातीत ताकद आहेच. ती चार राउंडच्या फुकट फाईटमध्ये वाया जाऊ नये.

अकोला, अमरावती, खामगावकडे 60 ते 63 किलोचा कोणी बॉक्सर आठवड्यातून दोनदा सहा राउंड स्पारिंग करायला तयार असेल तर कमेंटमध्ये सांगा. एसटीचं भाडं मी देतो.