मेंदूच्या दुखापतीवर संशोधन करायला एमबीबीएसच लागतं?

नीटचा निकाल लागला की एक मेसेज फिरू लागतो: ‘मेंदूच्या दुखापतीवर संशोधन करायचंय? आधी एमबीबीएस व्हा, मग न्यूरोसर्जन. नाहीतर जन्मभर प्रयोगशाळेत उंदीर सांभाळाल. आणि भारतात काही होत नाही, अमेरिका गाठा.’ हे वाचून हुशार मुलं हा विषयच सोडून देतात, म्हणून लिहितोय.

डॉक्टरच हवा? अपघातात डोक्याला मार लागला की आज आधी सीटी स्कॅन काढतात. तो बनवला गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरने. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यावर दिसला. १९७९ चं नोबेल त्याला मिळालं ते ॲलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञासोबत.

बाकीचे फक्त उंदीर सांभाळतात? मेंदूची सूज उतरावी म्हणून डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याची पद्धत कित्येक वर्षं होती. ‘क्रॅश’ चाचणीत १०,००८ रुग्णांवर ती तपासली. २००४ मध्ये निकाल आला: दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. शंभरात तिघांचा हा फरक कितीही अनुभवी डॉक्टरला वॉर्डात उभं राहून कळणार नाही. त्याला संख्याशास्त्रच लागतं.

आणि भारतात काही नाही, हे तर साफ खोटं. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदू बँक आहे, म्हणजे दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपून ठेवण्याची सोय. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात विज्ञान आणि इंजिनिअरिंगची मुलंही पीएचडी करतात. शिवाय काही कामं इथल्याच माणसाने करायची आहेत. दुखापतीनंतर लक्ष एकीकडून दुसरीकडे किती चटकन वळवता येतं हे पाहण्याची एक प्रसिद्ध चाचणी आहे: कागदावर विखुरलेले आकडे आणि इंग्रजी अक्षरं, १ वरून ए, ए वरून २, २ वरून बी अशी रेघ ओढत जायची. शाळेची पायरी न चढलेल्या, दुचाकीवरून पडलेल्या शेतमजुरापुढे हा कागद ठेवला तर नेमकं काय मोजलं जाईल? मेंदूची इजा की शिक्षणाचा अभाव? अशा रुग्णांसाठी योग्य चाचण्या तयार करणं हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचं काम आहे, आणि ते भरपूर पडलंय.

रुग्णाला औषध देणं, शस्त्रक्रिया करणं हे मात्र डॉक्टरचंच काम. म्हणून पीएचडीसाठी जागा शोधताना एवढं नक्की विचारा: तुमच्या मार्गदर्शकाचं कुठल्या न्यूरोसर्जरी विभागाशी काम चालू आहे का?